अणुभट्टीच्या कड्यावर नारळाचं पाणी

अण्णा, आज बातम्यांत आपल्याच देशात घडवलेली नवी अणुभट्टी दाखवली आणि मला तुमचं ते स्टेनलेसचं कडं आठवलं. त्याचं शेवटी झालं तरी काय? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा किडा डोक्यातून जात नाही.

चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर तुम्ही ते घडवत होतात. "अणुभट्टीचं हाय," एवढंच सांगायचात, पण असे फुगून, की आई म्हणायची, "व्हय, जशी काय भट्टी ह्यांच्याच अंगणात पेटणार हाय!" मग खंडेनवमी आली. यंत्रांना हळद-कुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. तुम्ही नारळ फोडलात आणि मोठ्या भक्तीनं त्याचं पाणी थेट कड्यावर शिंपडलंत. नंतर तपासनीस आले, त्यांनी डाग पाहिला आणि कपाळाला हात लावला. नारळपाण्यात मिठासारखे क्षार असतात, त्यानं भट्टीत तापल्यावर स्टेनलेसला पुढं बारीक तडे जाऊ शकतात. कडं बाजूला काढलं गेलं. त्या संध्याकाळी तुम्ही ताटावर नुसते बसून होतात. "देशाचं काम, म्हणून तर शिंपडलं. देवाचं पाणी बाधतं व्हय गं?" भाकरी थापणारे आईचे हात थांबले. मला तुमची लई कीव आली, आणि तेवढीच उत्सुकताही वाटली, की पाण्यानं पोलाद तडकतं कसं?

त्या प्रश्नामागं लागून मी धातूंचं शिकले. आता वाळूजच्या कारखान्यात मीच तपासनीस आहे. खंडेनवमीला आमच्याकडंही पूजा होते, पण अणुभट्टीचा जॉब, म्हणजे घडवायला आलेला भाग, आधी कुलपात जातो. पोरं हसतात, "मॅडम, देवाला पण गेटपास का?"

तुमचं कडं धुऊन घेतलं की भंगारात गेलं, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. विचारलं की "बसवलं असंल कुठं तरी," म्हणून उठून जायचात. गेल्या महिन्यात क्रांती चौकात तुमचे म्हातारे मालक भेटले. मी त्यांना धरलंच. ते म्हणाले, "अगं, तसली कडी लई केली. काही गेली, काही बाद झाली. तुझ्या बापाचं कोणतं, कुणाच्या ध्यानात राहतंय?"

आज टीव्हीपुढं माझ्या लेकीनं विचारलं, "आजोबांचं कडं ह्यात आहे?" मी म्हणाले, "ह्याच्या आधीच्या भट्टीत. अजून टिकून आहे."

सही करण्याआधी दहादा मोजणारी मी, अण्णा. पुरावा नसताना पास केलेला हा माझा एकच जॉब, आणि तो मी परत तपासायला काढणार नाही.