सानियाचा डबा

मंगळवार, ईदचा दुसरा दिवस. संध्याकाळ.

घरी आले, पण सानियाचा तो डबा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

चौथीला 'आपले निरनिराळे धर्म' शिकवायचं होतं. वर्गात ती एकटीच मुसलमान, म्हणून मीच तिला म्हटलं होतं, आईला शीरखुर्मा पाठवायला सांग. रोजा, नमाज, ईद, सगळं तिने छान सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग डबा उघडला, तर एकही हात पुढे येईना. रोज खिचडीला हीच पोरं तिच्या मांडीला मांडी लावून बसतात ना? शेवटी एकजण पुटपुटला, "घरचे रागावतीन, मॅडम." टाळ्या चालतात, शेवया चालत नाहीत! मी एकटीनेच खाल्लं. एकटीने कितीसं खाणार?

सुट्टीत ती हापशीवर दिसली. उरलेलं कुत्र्यापुढे ओतून डबा घासत होती. "अम्मीले सांगू नका, मॅडम."

शाळा आवरून निघाले तर फाट्यावर तिची आईच भेटली. चेहरा नुसता फुललेला. "पोरायले लय आवडलं म्हणे! डबा चाटूनपुसून रिकामा. पुढच्या ईदले मोठा पाठवतो."

आणि मी हसून हो म्हणाले.