भातावर सूप ओतल्याची हकीकत

तीर्थरूप गेन्पेई काका यांच्या चरणी (चरण सध्या त्या ठिगळ लावलेल्या रबरी बुटांत असतील, तर ते निघेपर्यंत थांबतो) पुतण्या शिगेहारुचा वाकून नमस्कार.

इकडे किनाऱ्यावर पांढरे हिमकीडे उडायला लागले, म्हणजे पंधरा दिवसांत पहिला बर्फ पडणार, असं आमच्या संशोधन केंद्राच्या परिपत्रकातसुद्धा छापून आलं आहे. तुमच्या गुडघ्याला हे परिपत्रक महिनाभर आधीच मिळालं असणार. कसा आहे गुडघा? कोबी आणि हेरिंग मासळीचं लोणचं घातलंत का? घातलं असेल तर त्यावरचा दाबाचा दगड एकट्याने उचलू नका. (हे तुमच्या सूनबाईने, नात्सुएने लिहायला सांगितलं. तुम्ही उचलणारच, हे मी तिला सांगितलं आहे.)

नगरपालिकेची तिसरी नोटीस तुम्हाला पोचल्याचं कळलं. ती तुम्ही शेगडी पेटवायला वापरलीत तरी उपयोग नाही, कारण तिची एक प्रत जवळच्या नातलगालाही पाठवतात. खाणकामगारांच्या चाळीच्या त्या शेवटच्या ओळीचं पाणी डिसेंबरात बंद होणार, आणि ओळीत राहिलंय कोण, तर तुम्ही आणि दुसऱ्याचं मांजर. आमच्याकडे राहायला चला, म्हणून मी वर्षभरात तीनदा आलो. तिन्ही वेळा तुम्ही शेगडीकडे बघत एकच उत्तर दिलंत, "काम असेल तर बोलव. फुकट जेवायला मी कुणाकडे जात नाही." तर काका, काम निघालं आहे. आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमण्यातलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. (तुम्ही इथे जांभई देणार. द्या.) कारखान्याच्या धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो पकडून, दाबून, आम्ही समुद्राच्या तळाखाली बाराशे मीटर खोल घालतो. तिथे भुसभुशीत वाळूचा खडक आहे, त्याच्या बारीक भोकांत तो मुरतो, आणि वर चिखलाच्या दगडाचा जाड थर झाकणासारखा बसलेला आहे, त्यामुळे तो बाहेर येत नाही. तो खरंच येत नाही ना, हे हजार ठिकाणी कान लावून ऐकत बसणं, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला होतात, "म्हणजे एकतीस वर्षं कोळसा म्हणून मी जे वर काढलं, ते तू परत खाली घालणार? मग आधी सांगायचंस, मी काढलंच नसतं!" हा विनोद मी तीन देशांतल्या परिषदांत स्वतःचा म्हणून सांगितला आहे. त्याबद्दल क्षमा असावी.

तर गेल्या मंगळवारी नव्या विहिरीत वायू सोडायला सुरुवात व्हायची होती. कोळी बांधवांच्या संघाने तीन वर्षं आमचा चहा पिऊन एकदाची संमती दिलेली. सकाळी सात वाजता मी जेवणघरात गेलो. रात्रभराच्या आकडेमोडीने डोकं जड झालेलं, पोटात कावळे ओरडत होते, आणि वेळ हाताशी दहा मिनिटं. मी काय केलं असेन? भाताच्या वाडग्यात मिसो सूप ओतलं आणि ओरपायला लागलो. चौथ्या घासाला लक्षात आलं की आजूबाजूला फक्त माझाच आवाज येतोय. समोरच्या बाकावर विहिरीचं काम करणारे आठ जण जेवायच्या काठ्या खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांचा मुकादम इवाबुची, वय त्रेसष्ट. पोरवयात आठ वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. तो शांतपणे उठला, त्याने शिरस्त्राण काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, तुम्ही खाणकामगाराच्या घरातले ना?"

मी मान डोलावली.

"मग लाज नाही वाटत? जमिनीत उतरायच्या दिवशी भातावर सूप ओतता? छप्पर कोसळल्यावर वरून चिखलपाणी येतं ते असंच दिसतं, हे काय मी तुम्हाला शिकवायचं? चला रे पोरांनो, आज सुट्टी."

मी म्हटलं, अहो, यात माणूस खाली उतरतच नाही, उतरतो तो वायू. तर म्हणतो, "डोंगरदेवीला फरक कळतो का तो?" आणि आठही जण घरी निघून गेले. (यातला सर्वांत धाकटा पंचविशीचा आहे आणि त्याने खाण फक्त संग्रहालयात पाहिली आहे. तो सर्वांच्या पुढे होता.)

मग काम थांबल्याचा तक्ता भरायचा आला. तक्त्यात कारणांसाठी चौकटी आहेत: भूकंप, वादळ, यंत्रातला बिघाड, इतर. मी 'इतर'वर खूण करून पुढे 'सूप' असं लिहिलं. संचालकांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, सूप नळीत सांडलं का? मी म्हटलं, नाही, भातावर. त्यांनी मला रजा शिल्लक आहे का, अशी मायेने चौकशी केली.

काका, खरं सांगू का, त्या बाकावर एकटा उरलो तेव्हा मला शरम वाटली, पण त्याहून जास्त फुसाए काकूची आठवण आली. बाबा गेले, आई शहरात कामाला गेली, आणि मी तुमच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. शाळेच्या शेगडीवर आम्हा सगळ्यांचे ॲल्युमिनियमचे डबे गरम व्हायचे आणि काकूच्या मुळ्याच्या लोणच्याचा वास वर्गभर सुटायचा. मास्तर नाक दाबून गणित शिकवायचे. पाळी सुटली की खाणीच्या न्हाणीघरात तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात. काळं पाणी, पन्नास माणसं, आणि एकमेकांच्या पाठी घासत चाललेल्या शिव्या. तो वास आता कुठे मिळत नाही. मी सात वर्षांचा असताना एका सकाळी असंच भातावर सूप ओतलं होतं, आठवतं? काकूच्या हातातला पळा पडला. तुम्ही दारात बूट घालून उभे होतात. तुम्ही बूट काढलेत, पाळी बुडवलीत, आणि दिवसभर मला नदीवर घेऊन बसलात. काकू बडबडत होती, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "भुकेला होता पोरगा." त्या दिवशी खाणीत काहीही झालं नाही. तुम्ही एक मासा पकडलात आणि तो निसटला.

असो. मुद्दा असा की इवाबुचीच्या मते हा दोष घालवायला तीस वर्षांहून जास्त जमिनीखाली काढलेला माणूसच लागतो. अशा माणसाने विहिरीच्या तोंडाशी उभं राहून डोंगरदेवीला साके दारूचा पेला वाहायचा आणि घरच्या पोराच्या चुकीची माफी मागायची. असे लोक आता फार राहिलेले नाहीत. विहीर ठप्प आहे, आठ माणसं बसून आहेत, कोळी बांधव विचारायला लागले आहेत. तुमचं जुनं शिरस्त्राण घेऊन या. विधीला किती दिवस लागतील सांगता येत नाही, तेव्हा गरम कपडे जास्त आणा. रविवारी मी गाडी घेऊन येतो.

आपला आज्ञाधारक (वय छप्पन्न),
शिगेहारु

ता. क. मांजरालाही घेऊन या. विधीत त्याचं काय काम, ते इवाबुची बघेल.

ता. क. २. नात्सुएने पत्र वाचलं. ती म्हणते, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला खोटं लिहायला तुझे हात कसे झडत नाहीत. तेव्हा लिहितो: विहीर बुधवारपासून सुरू आहे. इवाबुची सकाळी सातला आला, पेलाभर साके ओतली, मला दोन शिव्या घातल्या आणि कळ फिरवली. खडक वायू छान पितो आहे.

ता. क. ३. आता खोटं उघडं पडलंच आहे, तर पन्नास वर्षांपूर्वीचंही सांगून टाकतो. त्या सकाळी मी भुकेला नव्हतो. ते सूप मी मुद्दाम ओतलं होतं. बाबा असेच बूट घालून गेले ते परत आले नव्हते, आणि तुम्ही त्या दिवशी जाऊ नये असं मला वाटत होतं. नुसतं थांबा म्हटलं असतं तर तुम्ही थांबला नसतात, तुम्हाला कारण लागलं असतं. या वेळी माझ्याकडे कारण नाही, काका. काम काहीच नाही. तरी या.