पावणेचारचे ठोके

९ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सव्वाअकरा

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघंही खुशाल. आईला आंघोळ घालायला मावशी आल्या आहेत, त्यामुळे मला अर्धा तास सुट्टी. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर आई शेजारी बसलेली असते, आणि तिच्या देखत तिच्या आजाराविषयी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. विसरत असली तरी ऐकू चांगलं येतं तिला.

धंदा उत्तम. लोकांचे दात पडतायत तोवर कवळ्या करणाऱ्याला मरण नाही. फक्त गेल्या आठवड्यात एका गृहस्थांची कवळी मी चुकून एका बाईंच्या डबीत घातली. बाईंनी ती दोन दिवस निमूटपणे वापरली.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेला पट्टा. आईला सांभाळणाऱ्याने मनगटावर बांधायचा. तो त्याचे ठोके, झोप, पावलं मोजणार, जीव फारच कावला की थरथरून ‘श्वास घ्या’ अशी अक्षरं दाखवणार आणि दर रविवारी तुझ्या फोनवर अहवाल धाडणार. तुझे निरोप मिळत होते. "दादा, आठ तास झोप!" "दादा, रोज दोन हजार पावलं!" "दादा, तू तर संतच झालास." आणि परवाचा, "तू इतका मजेत आहेस, तर मी महिन्याची सुट्टी पुढच्या वर्षावर ढकलते."

चिंगे, तो संत मी नव्हे. पट्टा दोन महिने आईच्या हातात आहे.

तिसऱ्याच दिवशी तिने तो माझ्या मनगटावर पाहिला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई ती, डाव्या मनगटाला टाचण्यांची गादी नसली की तिला चैन पडत नाही. "माझी गादी तुमच्या हातात कशी?" म्हणाली आणि काढूनच घेतली. हो, ‘तुमच्या’. हल्ली मी तिचा कटिंग मास्तर आहे. जन्मभर गाढवा म्हणून हाक मारली, आता अहोजाहो करते, वर माझा हात सफाईदार आहे असंही म्हणते! मी पट्ट्यावर, अक्षरांची जागा मोकळी सोडून, स्पंजचा तुकडा चिकटवला आणि कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतो, त्याच्याच बोथट टाचण्या तिला घडवून दिल्या. बाईसाहेब खूश.

दोन दिवसांत परत घेईन म्हटलं होतं. पण तुझं कौतुक यायला लागलं आणि, खरं सांगतो, ते मला गोड लागलं.

तू विचारलं होतंस, "रोज पावणेचारला तुझे ठोके का वाढतात? चहा कमी कर." चहाचा काही दोष नाही. पावणेचारला आई मशीनवरून उठते (सुई मी काढून ठेवली आहे), चपला घालते आणि म्हणते, "मास्तर, दुकान बघा. धाकटीची शाळा सुटली." मी कुलूप लावून तिच्या मागे. तुझ्या शाळेच्या जागी आता गाड्यांचं दुकान झालंय. त्याच्या फाटकाशी आम्ही वीस मिनिटं थांबतो. पहारेकरी हल्ली आईला खुर्ची देतो. मग मी म्हणतो, "मैत्रिणीकडे गेली असेल." ती म्हणते, "सांगून जायला काय होतं कार्टीला!" आणि आम्ही परत. तीच ती दोन हजार पावलं.

आधी मला राग यायचा. जवळ मी, आणि वाट तुझी.

मागच्या मंगळवारचंही सांगून टाकतो. त्या सकाळी ठोके भलतेच वाढलेले अहवालात दिसले म्हणून तू घाबरलीस, आणि मी "लिफ्ट बंद होती, जिने चढलो" असं ठोकून दिलं. खरं म्हणजे आईने एक तयार कवळी बटणांच्या डब्यात ठेवून दिली होती. तासभर शोधून ती सापडली तेव्हा मी ओरडलो. असा ओरडलो की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं. आई भिंतीला टेकली. तेवढ्यात तिच्या हातातला पट्टा थरथरला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि म्हणाली, "मास्तर, तुम्हाला सांगतोय. श्वास घ्या."

घेतला. मग आम्ही हसलो. ती पुष्कळ, मी जरा कमी. कारण ते ठोके तिचे होते, आणि वाढवले मी होते.

मी दमलोय गं. एवढं एक वाक्य लिहायला अख्खं पत्र लागलं. सुट्टी ढकलू नकोस, ये. आणि येशील त्या दिवशी घरी येऊ नकोस. बॅग घेऊन सरळ गाड्यांच्या दुकानात जा आणि फाटकातून बाहेर ये, चार वाजता. दोन महिने ती तुला आणायला जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. तुला ओळखेलच अशी हमी देत नाही. नाही ओळखलं तर मास्तर आहेतच, ओळख करून देतील.

मावशींनी आंघोळीआधी काढून दिलेला पट्टा आत्ता माझ्या मनगटावर आहे, टाचण्यांसकट. रविवारच्या अहवालात आजची सव्वाअकरा ते पावणेबारा ही वेळ तेवढी बघ. ते ठोके माझे.

तुझा,
दादा