आतल्या खोलीतला राउटर

चारकोप, कांदिवली (प.)
१८ मे २०२५

चि. देवेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

टोरांटोहून तू वनमालाआत्याला लिहिलेले पत्र तिने मला दाखवले. श्वेताने मुद्दाम राउटर बंद केली, म्हणून शेवटच्या दिवसांत आईचे तोंड दिसले नाही, हे त्यातील विधान चुकीचे आहे. राउटर पुल्लिंगी आहे, हे एक वेळ सोड. बंद करणारी श्वेता नव्हती. मी होतो.

उलट, तो बसवला तुझ्या बहिणीने. हॉलमधल्या राउटरचे वाय-फाय दोन भिंतींपलीकडे, आईच्या पलंगापर्यंत पोहोचत नव्हते. श्वेताने आत केबल ओढून दुसरा जोडला. दोन्ही राउटरचा नेटवर्कवरचा पत्ता एकच निघाला आणि घरातले सारे नेट गेले. एका घरात दोन कर्ते झाले की असेच व्हायचे, म्हणून तुझी आई हसली. श्वेताने नव्याचा पत्ता बदलला, आणि रोज संध्याकाळी तू आईला दिसू लागलास.

पुढे तिच्या नाकात नळी घातली. त्या चेहऱ्याने तुझ्यासमोर यायचे नाही, असे तिने ठरवले. व्हिडिओ कॉल आला तर मला राहवणार नाही, तो डबाच काढा आणि देवेशला रेंज नाही म्हणून सांगा, असा तिचा हुकूम झाला. केबल मी काढली. साध्या फोनवर तुझा आवाज ऐकून ती समाधान मानी. खोटे मात्र श्वेताला बोलावे लागले, आणि आईला शब्द दिलेला असल्यामुळे तुझे टोमणे तिने मुकाट्याने सोसले. तिला फोन कर.

लोभ आहेच, त्यातला थोडा बहिणीकडे वळव.

तुझा,
श्यामकांत

टोरांटो
४ जून

ती. बाबांस शि. सा. न.

पत्र वाचून लगेच श्वेताला फोन लावला. आधी तिनं यथेच्छ शिव्या घातल्या, मंद आहेस का रे म्हणाली, मग दोघंही रडलो. आत्यालाही खरं काय ते कळवलंय.

पण बाबा, शेवटी आईला मला एकदाही बघावंसं वाटलं नाही का? श्वेता सांगत नाही, बाबांनाच विचार म्हणते. तारखांचाही माझ्या डोक्यात पार गोंधळ झालाय.

माया आहे तशीच राहू द्या.

देवेश

चारकोप
२० जून

चि. देवेश यास आशीर्वाद.

विचारलेस, म्हणून लिहितो. तारखा अशा दुरुस्त करून घे.

दुसरा राउटर बसवला : ११ जानेवारी, आत्याला लिहिलेस तसे फेब्रुवारीत नव्हे.

केबल काढली : १९ मार्च, होळीच्या आधी नव्हे, नंतर.

आई गेली : ६ एप्रिल, संध्याकाळी. ७ ही तू घरी पोहोचल्याची तारीख.

केबल पुन्हा जोडली : ६ एप्रिल, सकाळी. तिनेच सांगितले. नळी दिसली तर दिसू दे, म्हणाली. श्वेताने फोन लावला. तू तेव्हा विमानात होतास.