उजेडाला काच, वाऱ्याला झडप

आई, या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तू मध्येच उठून जाणार नाहीस. तुझ्या देव्हाऱ्याचं दार केलं, ज्याला तू शेवटपर्यंत कडी लावू दिली नाहीस. हिच्यासाठी मसाल्याची मांडणी केली. जिन्याखाली कपाट केलं, त्याचे खण जिन्याच्या उतारासारखेच उतरत जातात आणि एकातही फट नाही. तुझ्या नातीचा पलंग केला, एकही खिळा न ठोकता. सायकलच्या मागे जोडायची गाडी केली, तीत मी शनिवारी भाजी आणतो तेव्हा माणसं वळून बघतात. आणि गेल्या उन्हाळ्यात पाच खिडक्या केल्या. मेरांटीच्या लाकडाच्या, तीन पदरी काचेच्या, चौकटींचे दोन्ही कर्ण मिलीमीटरपर्यंत जुळलेले. त्या पाचांतली एकही उघडत नाही. हो, मुद्दाम. थांब, चप्पल शोधू नकोस, सगळं सांगतो.

तुझ्यासमोर हे बोलायला धीर लागतो. छातीच्या रोगांच्या दवाखान्यात तुझी सगळी नोकरी झाली. मी डबा द्यायला यायचो तेव्हा वॉर्डात पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती, बाहेरच्या व्हरांड्यातूनच दिसायचं: दोन्ही भिंतींना माणसाच्या उंचीच्या खिडक्या, बाराही महिने सताड उघड्या, आणि पेशंट नाकापर्यंत ब्लँकेट ओढून पडलेले. तो नियम तू घरी आणलास. घरी कसला, जाशील तिथे नेलास. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलीस तरी आधी त्यांची खिडकी उघडायचीस आणि मग वाण घ्यायचीस, आणि मी शरमेनं पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचो. संध्याकाळची उदबत्ती तू देवासाठी कमी आणि धुरासाठी जास्त लावतेस असं बाबा म्हणायचे. धूर वाकून दाराकडे गेला की तू समाधानानं पदराला हात पुसायचीस. सरळ वर जाऊन छताखाली रेंगाळला की घरभर फिरून कुठली खिडकी लागलीय ते शोधायचीस.

एकदा डिसेंबरात मी ती लावली होती. दहावीचं वर्ष, पहाटे अभ्यासाला बसलोय, बोटं आखडलीत, म्हणून उठून हळूच दोन्ही दारं ओढून घेतली. तू रात्रपाळी करून येतेस, पायातल्या चपलाही न काढता खिडकी उघडतेस आणि माझ्याकडे न बघताच म्हणतेस, "थंडी वाजली तर स्वेटर घाल. माझ्या खिडकीला हात लावायचा नाही." मी स्वेटर घातला. निकालाच्या दिवशी गल्लीतल्या बाकीच्या मुलांना घड्याळं मिळाली. मला तू जुन्या बाजारातून लोखंडी गुण्या आणून दिलास, सुताराचा, काटकोन बघायचा. मार्क बेताचेच होते, पुढे इंजिनिअरिंग होणार नाही हे दोघांनाही कळलं होतं. "वाकडं करून चालतंय म्हणू नकोस, एवढं कर," असं म्हणालीस. मी पुढे जे शिकलो ते सगळं बघून, फोडून, परत जोडून शिकलो, सुतारकामही आणि ज्यावर पोट भरतं ते वेबसाइटचं कामही. तो गुण्या इथे आहे. अजून तपासतो मी: कागदावर रेघ मारायची, गुण्या पालथा करायचा, परत रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक पडतात.

तर घराची गोष्ट. हिच्या नोकरीमुळे आम्ही या देशात आलो. हिचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासला, आणि आम्ही राहायचो डीमनला, खाली मेट्रो, त्याच इमारतीत आणखी दोन मराठी घरं, हिचं सगळं छान चाललेलं. मलाच शेड हवी होती. अपार्टमेंटच्या बाल्कनीत रंधा मारला की खालचा माणूस वर यायचा. मी दोन वर्षं मागे लागलो तेव्हा कुठे हिनं नीउ-व्हेनेपचं हे रांगेतलं घर घ्यायला हो म्हटलं, आणि राहायला येऊन पडदे लागतात न लागतात तोच करोना आला आणि सगळं बंद झालं. वरच्या खोलीत हिचं ऑफिस, जेवणाच्या टेबलावर मुलीची शाळा, माझं काम जिन्यात. पहिल्याच थंडीत घरानं दात दाखवले. जुन्या खिडक्यांची लाकडं फुगून वाकलेली, लावल्या तरी वारा शिट्टी मारत आत यायचा, आणि एकदा उघडली तर परत लागायची नाही, म्हणून कुणी उघडायचंच नाही. सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं. मुलीच्या कपाटामागे भिंत काळी पडली आणि ती खोकायला लागली. त्या वर्षी खोकला हा नुसता खोकला नव्हता, आई, तुला सांगायला नको. डॉक्टर फोनवरच बोलले. टेस्ट निगेटिव्ह आल्यावर त्यांनी विचारलं, घरात ओल आहे का, हवा खेळते का.

त्या दिवशी ही मला स्वयंपाकघरात म्हणाली, आवाज न चढवता, म्हणजे खरंच म्हणाली: "पुढच्या थंडीत हिचा खोकला असाच राहिला तर हे घर विकायचं आणि डीमनला परत जायचं. मला तुझी शेड नको, मुलीची झोप हवी." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आणि मग मला ते सुचलं! आठवडाभर मी जेवायचंही विसरलो असेन. हे बघ. खिडकी दोन कामं करते, उजेड आणते आणि वारा आणते. आपण दोन्ही कामं एकाच काचेच्या गळ्यात बांधतो, म्हणजे एकाच माणसाला तबला आणि बासरी एकदम वाजवायला सांगणं. काच उघडायची म्हटली की तिला स्वतःची वेगळी चौकट लागते, ती चौकट उजेड खाते. बिजागऱ्यांवर तीन काचांचं वजन येतं, त्या खाली लोंबतात, फट पडते, आणि फट पडली की या देशातला वारा ती शोधून काढतो. म्हणून मी कामं वाटून दिली. काचेनं फक्त उजेड आणायचा, जागचं हलायचं नाही. आणि तिच्या शेजारी हातभर रुंद, खालपासून वरपर्यंत लाकडाची जाड झडप, आत बुचाचे थर, कडेला रबराच्या दोन रांगा. वारा हवा तेव्हा झडप उघडायची, काचेला हात लावायचा नाही. झोपायच्या खोल्यांतल्या झडपा मी आणखी रुंद धरल्या, उद्या आग लागली तर माणूस बाहेर पडला पाहिजे.

खिडक्या विकणारा माणूस माप घ्यायला आला, माझं चित्र बघून त्यानं चष्मा काढून पुसला. सगळ्या बंद? सगळ्या. त्यानं हिच्याकडे बघितलं. ही मराठीत म्हणाली, "लोणच्याची बरणी करतोय हा घराची. वरून दादरा बांधायचा तेवढा राहिलाय." मग मी त्याच्याकडून फक्त काचा घ्यायचं ठरवलं आणि चौकटी स्वतः करायला घेतल्या. आई, तो उन्हाळा काय सांगू तुला. इथे उन्हाळ्यात दिवस मावळायचं नाव घेत नाही. काम संपवून शेडमध्ये गेलो की रंध्यातून लाल लाकडाच्या सुरळ्या पडतात, मुलगी त्या कानात अडकवून नाचते, डचमध्ये काहीतरी गाणं म्हणत. काच लाकडावर टेकवायची नसते, ती छोट्या ठोकळ्यांवर बसवायची आणि चारी बाजूंनी श्वास घेण्यापुरती जागा सोडायची, नाहीतर उन्हात फुगते आणि तडकते. हे मला कुणी शिकवलं नाही. वाचलं, तीन टाकाऊ काचा फोडल्या आणि कळलं. काचा बसवायला दोघं आले, त्यांच्या हातात काचेला चिकटणारे रबरी पेले. पहिली काच चौकटीत सरकली आणि सगळीकडून सारखी फट राहिली. त्यांच्यातल्या वयस्क माणसानं लेव्हल लावून बघितली आणि फोनवर फोटो काढून घेतला. मी तीन दिवस त्या फोटोवर जगलो.

आता तुला आवडेल असा भाग. झडपा मी चारच केल्या होत्या. स्वयंपाकघरातली पाचवी नुसती सारखं दिसावं म्हणून, ठोकून पक्की केलेली फळी. म्हटलं, शेगडीवर धूर ओढणारं यंत्र आहे, झडप कशाला. काचा लागल्या त्या आनंदात मी दुपारी ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. ते यंत्र धूर ओढतं आणि गाळून परत खोलीतच सोडतं, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं आणि विसरलो होतो. जुन्या गळक्या खिडक्यांनी इतके महिने माझी अब्रू राखली होती. त्या दिवशी घराला एकही फट नव्हती. माझं काम इतकं चोख होतं की मिरची कुठेच जाईना. ती जिन्यानं वर गेली. वर ही मीटिंगमध्ये बोलत होती, बारा माणसं ऐकत होती, आणि ही खोकायला लागली ती थांबेचना. मागून मुलगी, खालून मी. हिच्या मॅनेजरनं तिथल्या तिथे सांगितलं की लॅपटॉप बंद कर आणि ताबडतोब टेस्ट करून घे. आम्ही तिघं मागच्या बागेत उभे राहून खोकतोय, तर शेजारच्या आजींनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन स्वतःची खिडकी लावून घेतली. टेस्ट केल्याच तिघांनी. निगेटिव्ह. केंद्रातून परत येताना मला वाटलं, गेलं घर. मग सिग्नलला म्हणाली, "आई असत्या ना, तर तुला वॉर्डात ॲडमिट करून घेतलं असतं. खिडकीखालच्या कॉटवर." आणि हसायला लागली. दोन दिवसांत मी ती फळी सोडवून पाचवी झडप केली. पाचांत तीच सगळ्यात सफाईदार झाली आहे.

पण खरी परीक्षा थंडीचीच होती. गाड्यांच्या काचा पांढऱ्या व्हायला लागल्या तशी माझी भूक कमी झाली. सकाळी उठून आधी मुलीच्या कपाटामागे हात फिरवायचो. कोरडं. दुसऱ्या दिवशी परत. एका संध्याकाळी हिनं देवापुढची उदबत्ती उचलली, मला काही न विचारता मुलीच्या खोलीत गेली आणि काचेच्या कडेकडेनं फिरवली. मी दारात उभा, तुझ्यासारखाच, धुराकडे बघत. झडप बंद असताना धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला, एवढासाही हलला नाही, म्हणजे फट नाही. मग हिनं झडप उघडली, समोरच्या खोलीतली मी उघडली. धूर क्षणभर थबकला आणि मान वाकवून बाहेर निघाला. ही म्हणाली, "वळला." तेवढंच. तिनं पदर असता तर हात पुसला असता, जीन्स होती. त्या थंडीत मुलगी खोकली नाही, आई. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी ती आपली झडप आपण उघडते, नाक बाहेर काढते आणि "लेकर फ्रिस" म्हणते, म्हणजे कसं छान ताजं वाटतंय. थंडी वाजली तर स्वेटर घाल, असं मी मागून म्हणतो. मराठी कळतं तिला, उत्तर डचमध्ये येतं.

गेल्या रविवारी एक तरुण जोडपं सायकली थांबवून आमच्या घराकडे बघत उभं होतं. मग त्यांनी बेल वाजवली आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकून उभे राहिले. दोन वर्षं अ‍ॅमस्टरडॅमच्या एका खोलीत कोंडून घेऊन कंटाळले होते बिचारे. तिनं विचारलं, या खिडक्या कुठल्या कंपनीच्या. मी केल्या म्हटलं. मग त्यांना आत घेतलं, झडपा उघडून दाखवल्या, ठोकळे समजावले, अर्धा तास बोललो असेन. निघताना त्यानं घरच मागितलं. विकणार का. ही बाजारातून आली तेव्हा मी तिला सांगितलं, घराला मागणी आली होती, मी नाही म्हटलं. हिचं आयुष्य बँकांच्या आकड्यांत जातं, तिनं पिशवी खाली ठेवत पहिला प्रश्न तोच विचारला, किती म्हणाले. आकड्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग झडप उघडली आणि फोडणी टाकली.

हे पत्र शेडमध्ये तुझ्या गुण्याखाली ठेवतो, तिकडे ती येत नाही. तुला म्हणून सांगतो. आकड्यापर्यंत गोष्ट गेली होती. पाच लाख नव्वद हजार युरो म्हणाले होते ते, आम्ही दिले त्याच्या कितीतरी वर, आणि मी नको म्हटलं.