निर्धोक हिरवळ

शुक्रवार, श्रावण १९९६, मीरा रोड

माझ्या डाव्या वहाणेवर आज घोर अन्याय झाला. सोसायटीच्या हिरवळीवर एक फेरी मारली, तर तिला ढेकणाच्या औषधाचा वास! आणि गेटवर पाटी, 'सेंद्रिय फवारणी, संपूर्ण निर्धोक'. काल फवारून गेलेला इसम आज बिल घ्यायला आला होता. हसून म्हणतो, "काका, टेन्शन मत लो, एकदम हर्बल है. बच्चा खा ले तो भी कुछ नहीं होगा."

उद्या त्याला सन्मानाने घरी बोलावणार. त्याच हिरवळीचा पेलाभर रस पुढे ठेवून "प्राशन करावे, महाराज" म्हणणार. त्याचा चेहरा कसा होतो ते पाटीवरच्या शब्दांसकट आमच्या पेपरात छापणार. दया येईल का? मुळीच नाही.

वहाण दोनदा धुतली. वास जात नाही.

बाळंतपणाला आलेल्या सुमीला तिची आई रोज सकाळी तिथल्याच दूर्वांचा रस देते. गर्भाला चांगला म्हणून. पाटी वाचून तीही निर्धास्त. आज सकाळी, मी फेरीला निघण्याआधी, पेला रिकामा करून सुमी म्हणाली, "बाबा, रसाला कसलातरी वास येतोय." मी म्हटलं, "तुझ्या नाकालाही डोहाळे लागलेत वाटतं." दोघी हसल्या.

त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सूड दुपारी. सकाळी आधी सुमीला डॉक्टरकडे नेतो. मला बाळाची भीती वाटतेय.