पलंगावर मोजलेली नाडी

तीर्थरूप बाबांना नमस्कार, आज जरा रागानेच.

मी मजेत आहे. पुस्तकं शिवायच्या टेबलावर मला आता खिडकीजवळची जागा मिळालीय.

तुम्ही लिहिता, "प्रकृती ठणठणीत." पण त्याच पाकिटात तुमच्या नातीचाही कागद निघाला. मी पाठवलेल्या विज्ञानाच्या पुस्तकातला नाडी मोजायचा प्रयोग तिने घरभर केलाय. आईची शहात्तर, तिची स्वतःची नव्वद. तुमच्यापुढे एकशे अठरा, आणि कंसात 'दुपारी बारा वाजता, पलंगावर पडून'. खाली विचारलंय, "आई, आजोबांची नाडी मध्येच एक ठोका का गाळते? ते म्हणाले, हे तुला कळवायचं नाही."

बाबा, पाणी कुठे मुरतंय? भर दुपारी तुम्ही पलंगावर काय करत होता? दर पत्रात तक्रारींचं पान भरणारी आई या वेळी गप्प का? आणि सही तेवढी तुमची, बाकीचं अक्षर शेजारच्या मास्तरांचं. मी ओळखत नाही होय?

पोरीला रागावू नका. त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलंय, 'दिसेल तेच लिहा, मोठ्यांनी सांगितलं तरी खोडू नका.' ते पान मी या हातांनी शिवलंय.

उद्याच डॉक्टरकडे जा. ते काय म्हणाले ते तिलाच लिहू द्या, तुमच्यावर माझा भरवसा नाही.

तिने माझीही नाडी मागवलीय. तिला ऐंशी सांगा. तुमचं पत्र वाचल्यावर मोजलेला आकडा तिला कळवायचा नाही.

तुमच्यावरच गेलेली,
तुमची लेक